खर्चाचा तक्ता

दोन वर्षांपूर्वी गावच्या घराचे माळवद उतरवले, तेव्हा आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे कोर्टाचे दप्तर सापडले. खारव्याच्या फडक्यात बांधलेले. त्यात सातबाराचे उतारे होते, आसपासच्या जमिनींच्या खरेदीखतांच्या नकला होत्या, नोटिसा आणि समन्स होती, आणि १९६६ सालच्या एका निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल होती. या निवाड्याची गोष्ट आम्ही भावंडे लहानपणापासून ऐकत आलो होतो. कालव्यासाठी सरकारने आजोबांची दोन एकर तीस गुंठे जमीन घेतली. शेतात विहीर असूनही ती जिरायत धरली आणि एकरी ६०० रुपये दर लावला. आजोबा कोर्टात गेले. त्यांनी एकरी २,००० रुपये मागितले. कोर्टाने जमीन बागायत असल्याचे मान्य केले आणि १,४०० रुपये दर ठरवला. ‘तुमच्या आजानं सरकारला हरवलं,’ असे आजी शेवटपर्यंत अभिमानाने सांगत असे.

नकलेच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. डाव्या बाजूला अर्जदाराचा खर्च, उजव्या बाजूला सरकारचा. अर्जावरचा मुद्रांक, वकीलपत्राचा मुद्रांक, दस्तऐवजांवरचा मुद्रांक, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणीचा खर्च अशा ओळी एकाखाली एक आहेत. आजोबांची मागणी ज्या प्रमाणात मान्य झाली, त्या प्रमाणात त्यांना मिळायचा खर्च काढला आहे : २१२ रुपये ४० पैसे.

त्याच ट्रंकेत आजोबांची जमाखर्चाची वही होती. तिच्यात ‘कोर्ट खाते’ म्हणून वेगळी पाने आहेत. वकिलांना वेळोवेळी दिलेले पैसे, तालुक्याला आणि जिल्ह्याला जाण्याचे एसटीचे भाडे, साक्षीदारांचे जेवण, नकलांचा आणि टायपिंगचा खर्च, तारखेला गेल्यामुळे शेतावर लावाव्या लागलेल्या गड्याची मजुरी, सगळे तारीखवार. त्याची बेरीज १,१३० रुपये. निवाड्यानंतर सरकारने वरच्या कोर्टात अपील केले. ते सात वर्षांनी फेटाळले गेले. त्या पायरीवर आजोबांचे आणखी ६४० रुपये गेले आणि हुकुमात शेवटची ओळ आली : खर्च ज्याचा त्याने सोसावा.

मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. एकरी ८०० रुपयांच्या फरकाने २,२०० रुपये. त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के, म्हणजे ३३० रुपये. कोर्टाने दिलेला खर्च २१२ रुपये ४० पैसे. त्यातून १,१३० आणि ६४० वजा जाता हाती राहिले ९७२ रुपये ४० पैसे. सरकारकडून व्याज आले ते सावकाराच्या व्याजात गेले. सरकारला हरवून आजोबांनी जे मिळवले, त्यातला निम्म्याहून अधिक भाग सरकारला हरवण्यातच खर्ची पडला होता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण हरणाऱ्याला उद्देशून वापरतो. आजोबा तर जिंकले होते. मग जिंकलेल्याच्या खर्चाचा हा तक्ता आला कुठून, आणि समोर सरकार असले की त्याचे काय होते, हे शोधावे असे मला वाटू लागले. त्या शोधाचा हा वृत्तान्त.

राजा खर्च देत नाही

हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा, हा नियम आपल्याकडे इंग्रजांच्या कोर्टांबरोबर आला. इंग्लंडात त्याचे मूळ १२७८ सालच्या ग्लॉस्टरच्या कायद्यात सांगतात. पहिल्या एडवर्डच्या काळातल्या या कायद्याने जिंकलेल्या वादीला नुकसानभरपाईबरोबर दावा लावण्यास आलेला खर्चही मिळू लागला. प्रतिवादी जिंकला तर त्याला खर्च मिळण्याची सोय व्हायला १५३१ साल उजाडावे लागले. परंतु हा सारा व्यवहार प्रजाजनांच्या आपसातल्या दाव्यांपुरता होता. राजा खर्च देत नाही आणि घेतही नाही, असे तिथले जुने तत्त्व. न देणे हा राजाचा विशेषाधिकार आणि घेणे हे त्याच्या इतमामाला कमीपणा आणणारे, अशी त्याची उपपत्ती अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टोनने मांडली आहे. दिवाणी कामात सरकारविरुद्ध किंवा सरकारच्या बाजूने खर्चाचा हुकूम करण्याचा सर्वसाधारण अधिकार इंग्लंडच्या कोर्टांना १९३३ च्या कायद्याने मिळाला.

भारतात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, आणि त्याचे कारण गमतीदार आहे. इथले सरकार मुळात एका व्यापारी कंपनीचे होते. कंपनीवर दावा लावता येत असे. १८५८ साली कारभार राणीच्या नावाने सुरू झाला, तेव्हा त्या वर्षीच्या कायद्याच्या कलम ६५ मध्ये असे लिहिले गेले की, कंपनीविरुद्ध लोकांना जे इलाज होते तेच आता भारतमंत्र्याविरुद्ध राहतील.

या कलमाची पहिली मोठी कसोटी एका घोड्यावरून लागली. कलकत्त्याला खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले मजूर आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा एक जड भाग रस्त्यावरून वाहून नेत होते. समोरून पी. अँड ओ. या आगबोट कंपनीची बग्गी आली. मजुरांच्या हातून लोखंड खाली पडले, घोडे बुजले आणि त्यातला एक जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांचा दावा लावला. सर बार्न्स पीकॉक यांनी १८६१ साली निकाल दिला की, खासगी माणूसही करू शकेल अशा कामात सरकारच्या नोकरांनी हयगय केली, तर सरकार जबाबदार आहे. इंग्लंडात राणीवर असा दावा करता आला नसता. कंपनीचा व्यापारी अंगरखा सरकारच्या अंगावर राहिल्यामुळे इथे करता आला.

दिवाणी कामाची रीत ठरवणारी पहिली संहिता १८५९ सालची, आणि अनेक दुरुस्त्यांसह आजही चालणारी १९०८ सालची. तिच्या कलम ३५ मध्ये खर्चाचा अधिकार कोर्टाला दिला आहे. जिंकलेल्याला खर्च द्यायचा नसेल, तर कोर्टाने त्याची कारणे लिहावीत, असेही तिथे सांगितले आहे. त्या कलमात सरकारला वगळलेले नाही. कागदावर पाहिले तर भारतातला शेतकरी या बाबतीत १९३३ पूर्वीच्या इंग्रज शेतकऱ्यापेक्षा बऱ्या जागी उभा होता.

तंजावरच्या राणीसाहेब

परंतु खर्चापर्यंत पोचण्याआधी जिंकावे लागते, आणि सरकारशी झालेल्या झगड्यात जिंकणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही सोपा नाही. याचे एक जुने उदाहरण आपल्या मराठी माणसांचेच आहे.

तंजावरच्या भोसल्यांचे शेवटचे राजे शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात वारले. पुत्र नसल्यामुळे राज्य कंपनीने खालसा केले. पुढच्या वर्षी कंपनीच्या अधिकाऱ्याने राजवाडा, दागदागिने, जमिनी असे सगळेच ताब्यात घेतले. त्यात राज्याची मालमत्ता कोणती आणि राजाची खासगी कोणती, असा भेद केला नाही. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे बॅरिस्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. राणीसाहेब जिंकल्या. खासगी मालमत्ता परत करावी, असा निकाल झाला.

कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली. १८५९ साली लॉर्ड किंग्जडाउन यांनी मद्रासचा निकाल फिरवला. ही जप्ती सार्वभौम सत्तेने केलेली राजकृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नाही, असे त्यांनी ठरवले. पुढे १८६२ साली सरकारने त्या मालमत्तेवरचा हक्क सोडला आणि ती राजाच्या विधवांकडे गेली, परंतु हक्क म्हणून नव्हे, मेहरबानी म्हणून.

वस्तू शेवटी मिळाली, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडले ते इथे की, खर्च हा हक्काच्या मागून येतो. जो हक्काने जिंकतो त्यालाच ‘माझा खर्च द्या’ असे म्हणता येते. मेहरबानीने मिळालेल्या वस्तूबरोबर खर्चाचा तक्ता येत नाही. आजही एखादे खाते दावा चालू असताना अचानक मागणी मान्य करते आणि दावा निकाली निघतो, तेव्हा अर्जदाराच्या हाती वस्तू येते आणि झालेला खर्च त्याच्याच अंगावर राहतो.

मालेगावचे दोन महिने

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले. १९२१ च्या एप्रिलमध्ये खिलाफत चळवळीच्या काळात मालेगावात दंगल झाली. झालेल्या नुकसानीची भरपाई सरकारने मुंबई जिल्हा पोलीस कायद्याखाली गावातल्या रहिवाशांकडून वसूल करायचे ठरवले. काही रहिवाशांनी ही वसुली बेकायदा आहे, ती थांबवावी, असा दावा लावला. या दाव्यात भागचंद दगडूसा गुजराथी हे नाव पुढे आले आणि कायद्याच्या पुस्तकांत कायमचे राहिले.

सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे बंधन १८७७ च्या संहितेत होते आणि १९०८ च्या संहितेत ते कलम ८० झाले. वसुली दारात उभी असताना दोन महिने थांबायचे कसे? वादींनी नोटीस दिली, पण मुदत संपण्याची वाट न पाहता दावा लावला. मनाईहुकमासारख्या तातडीच्या कामाला ही अट लागू नाही, असे मुंबईच्या हायकोर्टाचे आधीचे काही निकालही होते. प्रिव्ही कौन्सिलने १९२७ साली ते मत नाकारले. कलम ८० प्रत्येक दाव्याला लागू आहे, त्यात सवलत नाही, असे ठरले. मालेगावकर हरले. वसुली योग्य होती की अयोग्य, या मूळ मुद्द्यावर नव्हे, तर दोन महिन्यांवर.

पुढची पन्नास वर्षे देशभरातल्या दाव्यांवर या निकालाची सावली राहिली. नोटिशीत एखादी चूक राहिली म्हणून दावे निघून जात, आणि दावा निघून गेला की खर्च वादीवर बसे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात हे कलम काढून टाकावे, अशी शिफारस केली. नोटीस मिळाल्यावर सरकारने विचार करावा आणि योग्य मागणी दाव्याशिवाय मान्य करावी, हा कलमाचा हेतू. नोटिसा मात्र बहुधा उत्तराविना पडून राहत. कलम गेले नाही. १९७६ च्या दुरुस्तीने तातडीच्या कामासाठी कोर्टाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची वाट तेवढी मोकळी झाली.

आजोबांच्या प्रकरणात कलम ८० आले नाही, कारण भूसंपादनाचा कायदा वेगळा होता. पण त्या कायद्याच्याही स्वतःच्या मुदती होत्या. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याने सहा आठवड्यांत अर्ज द्यायचा. पैसे घेताना ‘तक्रार राखून’ असे लिहून घ्यायचे. ते लिहिले नाही, तर कोर्टात जाण्याचा हक्क संपला. आजोबांच्या पावतीवर त्यांच्या हाताने हे शब्द लिहिलेले आहेत. ते कोणी सांगितले म्हणून लिहिले, हे वहीत नाही.

तक्त्यात काय मावते

आता पुन्हा तक्त्याकडे येतो. त्याचा नमुना आजोबांच्या कोर्टाने बनवलेला नव्हता. १९०८ च्या संहितेला जोडलेल्या परिशिष्टात हुकूमनाम्याचा छापील नमुना आहे आणि खर्चाच्या या ओळी त्यातल्याच आहेत. म्हणजे १९६६ साली एका शेतकऱ्याच्या खर्चाचे मोजमाप १९०८ सालच्या साच्यात झाले.

या साच्यात मुद्रांक मावतो, कारण तो सरकारजमा झालेला असतो आणि मोजता येतो. वकिलाची फी मावते, पण पक्षकाराने खरोखर दिलेली नव्हे, तर नियमांच्या कोष्टकातली. एसटीचे भाडे मावत नाही. बुडालेला दिवस मावत नाही. सावकाराचे व्याज मावत नाही. वाढून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून काम घ्यायला आपल्याकडे वकिलांना मनाई आहे. तिची कारणे समजण्याजोगी आहेत, पण तिच्यामुळे ज्याच्या हाती आज पैसा नाही, त्याला उद्याच्या विजयाच्या भरवशावर रीतसर वकील मिळत नाही.

दुसऱ्या रकान्यात काय असते? सरकारी वकिलाची फी तिजोरीतून जाते. तारखेला आलेल्या कारकुनाचा दिवस पगारी असतो. अपील करायचे की नाही, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. दोन बाजू एकाच तराजूत बसवल्या आहेत खऱ्या, परंतु एका बाजूचा माणूस स्वतःच्या खिशातून लढतो आणि दुसऱ्या बाजूचा सर्वांच्या खिशातून. सर्वांमध्ये पहिला माणूसही आलाच.

मुद्दाम खोटा बचाव घेतला तर जादा खर्च बसवण्याची सोय संहितेत १९२२ साली कलम ३५अ म्हणून आली. त्याची कमाल मर्यादा होती एक हजार रुपये. १९७६ साली ती तीन हजार झाली. ही मर्यादा हास्यास्पद रीतीने तोकडी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावले. सर्वसाधारण दिवाणी दाव्यांना ती तरीही तेवढीच आहे.

खर्च पूर्णपणे हरणाऱ्यावर टाकला तर काय होते, हेही मराठी माणसाला ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनी सर व्हॅलेंटाईन चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो चालला. सरकार त्यात पक्षकार नव्हते, पण चिरोल यांना सरकारी कागदपत्रांची मदत मिळाली होती. टिळक हरले, दोन्ही बाजूंचा खर्च अंगावर आला आणि तो भागवण्यासाठी महाराष्ट्राने निधी गोळा केला. टिळकांसाठी निधी जमला. कालव्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्यासाठी कोण जमवणार? म्हणून ‘हरणाऱ्याने सगळा खर्च द्यावा’ एवढाच नियम कडक करणे हा यावरचा इलाज नव्हे. तसे केले तर दुबळा माणूस कोर्टात जायलाच भिईल. प्रश्न आहे तो सरकारविरुद्ध जिंकलेल्याचा.

जप्ती

तक्त्यातली रक्कम तरी वेळेवर मिळते का? १९०८ च्या मूळ कलम ८२ प्रमाणे सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्यात पैसे देण्याची मुदत घालावी लागे. त्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर कोर्टाने सरकारलाच अहवाल पाठवायचा, आणि अहवालापासून तीन महिने वाट पाहायची. मगच दरखास्त. १९७६ च्या दुरुस्तीने अहवालाचा टप्पा काढला. आता हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते.

त्यानंतर काय होते, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. वाढीव मोबदल्यासाठी शेतकरी बेलिफाला घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. खुर्च्या, संगणक, कधी गाडी जप्त होते. छायाचित्र छापून येते, गावात हशा पिकतो. मीही हसलो आहे. पण दप्तर वाचल्यावर मला त्या छायाचित्रातला शेतकरी दिसू लागला. जप्तीच्या दिवशी तोही एसटीने आलेला असतो, त्याचाही दिवस बुडालेला असतो, आणि दरखास्तीचा खर्च त्याने आधी स्वतःच भरलेला असतो. आजोबांचे २१२ रुपये ४० पैसे १९७४ साली जमा झाल्याची नोंद वहीत आहे. निवाड्यानंतर आठ वर्षांनी.

बदललेले आणि न बदललेले

या काळात न्यायमूर्तींनी बोलायचे काही ठेवले नाही. पगाराच्या मागणीसाठी झगडणाऱ्या एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९७३ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारला आदर्श पक्षकाराच्या कर्तव्याची आठवण करून दिली. नागरिकावर तांत्रिक मुद्द्यांनी मात करणे हे कल्याणकारी राज्याचे काम नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. २००५ साली सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खर्च हा प्रत्यक्ष आणि वाजवी असावा. जिंकलेल्याने दिलेला वेळ, प्रवास आणि मुक्काम हेही त्यात धरावे. हे वाचताना मला आजोबांच्या वहीतली एसटीची भाडी आठवली. १९६६ साली जे तक्त्यात मावत नव्हते, ते मावायला हवे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांनी म्हटले. परंतु नियम बदलल्याशिवाय कोर्टांना कोष्टकाबाहेर जाता येत नाही, असे २०११ मध्ये त्याच न्यायालयाला म्हणावे लागले. २०१२ साली विधी आयोगाचा २४० वा अहवाल केवळ खर्चाच्या विषयावर आला.

खरा बदल २०१५ मध्ये झाला, पण तो व्यापारी वादांपुरता. त्या वर्षीच्या वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याने अशा दाव्यांसाठी कलम ३५ नव्याने लिहिले. वकिलांची फी आणि इतर वाजवी खर्च त्यात धरला आणि ३५अ मधली तीन हजारांची मर्यादाही अशा दाव्यांसाठी काढली. सुरुवातीला हा कायदा एक कोटी रुपये आणि त्यावरच्या वादांना लागू होता, २०१८ पासून तीन लाखांपासून पुढे. त्यामुळे सरकारशी झालेल्या व्यापारी कराराच्या वादात जिंकणारा ठेकेदार वाजवी खर्च मागू शकतो. त्याच सरकारविरुद्ध साध्या दिवाणी दाव्यात जिंकणारी पेन्शनर विधवा जुन्या कोष्टकापाशीच उभी राहते.

अमेरिकेत नियम मुळात उलटा आहे. तिथे जिंको वा हरो, ज्याने त्याने आपला खर्च सोसायचा. तरीही १९८० साली तिथल्या काँग्रेसने केंद्र सरकारपुरता अपवाद केला. सामान्य ऐपतीचा नागरिक किंवा छोटा धंदा सरकारविरुद्ध जिंकला आणि आपली भूमिका पुरेशी समर्थनीय होती हे सरकारला दाखवता आले नाही, तर त्याची वकील फी सरकारने द्यायची. फीला तासाचा दर आहे. सुरुवातीचा ७५ डॉलरचा दर १९९६ साली १२५ झाला. श्रीमंतांना हा लाभ नाही. या रचनेतही वाद पुष्कळ आहेत. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. भूमिका समर्थनीय होती हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे, आणि हरलेल्या नागरिकावर त्यामुळे जादा काही पडत नाही. टिळकांच्या अनुभवातून जी भीती निघते, तिला तिथे जागा राहत नाही.

तिसरा रकाना

दप्तर वाचून झाल्यावर मी एका गोष्टीचा शोध घेतला. आजोबांच्या बांधाला बांध लागून तात्यांची जमीन होती. तीही त्याच कालव्यात गेली. त्यांच्याही शेतात विहीर होती. त्यांनाही एकरी ६०० रुपयेच मिळाले. मग ते कोर्टात का गेले नाहीत? तात्यांचा मुलगा आता पंच्याहत्तरीचा आहे. तो म्हणाला, “तुझे आजोबा बाबांना म्हणाले होते, चल माझ्याबरोबर. बाबांनी विचारलं, किती लागतील? आजोबांनी आकडा सांगितला. बाबा म्हणाले, तेवढे असते तर बहिणीचं लग्न नसतं का केलं? आणि पैसे घेऊन आले. कागदावर काय लिहायचं असतं ते त्यांना कुणी सांगितलं नाही.”

भूसंपादनाच्या कायद्यात १९८४ साली कलम २८अ आले. एकाच अधिसूचनेखाली जमीन गेलेल्यांपैकी एकाने कोर्टातून वाढीव दर मिळवला, तर कोर्टात न गेलेल्या इतरांनाही कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत अर्ज करून तो दर मागता येऊ लागला. तक्रार न राखता पैसे घेतले असले तरी. गरीब माणूस खर्चापायी आणि अज्ञानापायी कोर्टात येत नाही, हे कायद्याने प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मान्य केले. माझ्या मते खर्चाच्या इतिहासातले हे सर्वांत शहाणपणाचे कलम आहे, आणि गंमत अशी की त्यात खर्च हा शब्दच मुख्य नाही. तात्यांच्या दृष्टीने मात्र ते अठरा वर्षे उशिरा आले.

सरकारविरुद्ध जिंकलेल्याला खर्च परत मिळावा, ही मागणी जिंकलेल्याच्या खिशापुरती आहे, असे मला आरंभी वाटत होते. आता तसे वाटत नाही. आजोबांनी उसनवारी केली, आठ वर्षे काढली आणि हजाराच्या आत रुपये घरी आणले. हे गावाने पाहिले होते. त्यांच्या विजयातून गावाने घेतलेला धडा ‘सरकार चुकले तर कोर्ट आहे’ असा नव्हता. ‘जिंकूनही एवढेच’ असा होता. पुढच्या संपादनाच्या वेळी आमच्या गावातून एकही अर्ज गेला नाही, असे तात्यांच्या मुलानेच सांगितले.

तक्त्याला दोन रकाने असतात, अर्जदाराचा आणि सरकारचा. बेरजा दोन्हींच्या होतात. तात्या त्यात कुठेच नाहीत. निवाड्याची ती नक्कल मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे आणि आजोबांची वही तिच्याच शेजारी. तात्यांच्या मुलाला मी दोन्हींच्या झेरॉक्स दिल्या. त्याने कोर्ट खात्याची पाने सावकाश उलटली, एसटीच्या भाड्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, “बाबा बरोबर असते, तर हे भाडं अर्धं अर्धं झालं असतं, नाही?”